धर्ममतासाठी हद्दपार झालेल्या स्त्रिया : दादरमधील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

सतराव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत ज्या स्त्रियांनी प्युरिटन, म्हणजे चर्चची शुद्धी मागणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, पाळकांच्या शिकवणुकीला उघड हरकत घेतली, त्यांच्याविषयीचा एक मराठी अभ्यासवर्ग दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शनिवारी संध्याकाळी भरतो. हा वर्ग मी पूर्ण केला असून, काही ठळक उणिवा असूनही तो अवश्य करावा असे माझे मत झाले आहे. या स्त्रियांना आजच्या स्त्रीमुक्तीच्या आद्य नायिका ठरवण्याची घाई येथे केली जात नाही, हे या वर्गाचे सर्वांत मोठे बळ आहे. माणसाचे तारण (पापातून सुटका) कशाने होते, ते झाले आहे हे त्याला कळते कसे, आणि त्याबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांवर त्या जिवावर उदार होऊन भांडल्या. ते भांडण नेमके काय होते हे वर्ग आधी समजावून देतो आणि मगच शिक्षांकडे वळतो.

वर्गाची रचना साधी आहे. इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका प्रथम व्याख्यान देतात, त्यानंतर एखादा मूळ कागद सर्वांनी मिळून वाचायचा असतो आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखलेला असतो. नावनोंदणी करताना एक छापील पुस्तिका मिळते. तीत खटल्यांच्या नोंदी, पत्रे आणि न्यायालयाकडे केलेले अर्ज मराठीत दिलेले आहेत. शुल्क नाटकाच्या दोन चांगल्या तिकिटांइतके पडते आणि केवळ त्या पुस्तिकेसाठीही ते वसूल होते. ठाणे-डोंबिवलीकडून किंवा वसई-विरारकडून येणाऱ्यांना परतीची गाडी गर्दी ओसरल्यावर मिळावी अशी वेळ ठेवली आहे. सभागृह मात्र तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला उद्वाहक नाही, आणि खिडक्या उघड्या असल्या की खालच्या बाजारातला आवाज वक्त्यांच्या आवाजावर मात करतो. ज्येष्ठ श्रोत्यांची संख्या पाहता आयोजकांनी यावर उपाय शोधायलाच हवा.

पहिल्या व्याख्यानात मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या वसाहतीची घडण सांगितली जाते, आणि तीत स्त्रियांची जागा कोठे होती ते फार स्पष्टपणे उभे राहते. १६३० मध्ये वसलेल्या या वसाहतीत १६३१ पासून मताधिकार केवळ मंडळीचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, सभासद असलेल्या पुरुषांना होता. स्त्रीलाही मंडळीचे सभासदत्व मिळत असे, प्रभुभोजनात तिचा वाटा असे, तिच्या आत्म्याचे मोल पुरुषाच्या आत्म्याइतकेच मानले जाई. परंतु उपासनेच्या वेळी तिने बोलायचे नाही आणि मंडळीच्या कारभारात तिला मत नाही. जिने स्वतः शास्त्र वाचावे, स्वतःच्या अंतःकरणाची रोज झडती घ्यावी, प्रवचन लक्षात ठेवून घरी त्यावर मनन करावे अशी अपेक्षा होती, तिने त्या मननातून निघालेला निष्कर्ष मात्र पाळकांच्या निष्कर्षाहून वेगळा काढायचा नव्हता. पुढचा सगळा इतिहास या एका ताणातून निघतो, असे प्राध्यापक बाई सांगतात, आणि मला ते पटले.

याच व्याख्यानात कृपेचा करार (तारण केवळ देवाच्या कृपेने) आणि कर्मांचा करार (तारण माणसाच्या आचरणाने) यांतील भेद समजावला जातो. प्युरिटन मतानुसार कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवलेले असते आणि ते कोणत्याही सत्कर्माने मिळवता येत नाही. तथापि ज्याच्यावर कृपा झाली आहे त्याचे आचरण सुधारते, म्हणून चांगले आचरण हा कृपेचा पुरावा मानण्याकडे बहुतेक पाळकांचा कल होता. हा पुरावा खोटा आहे, आत्म्याला आतून मिळणारी साक्ष हीच खरी, असे म्हणणाऱ्याने पाळकांच्या हातातले मापच काढून घेतले. समोर मराठी श्रोते असल्यामुळे कर्मकांड आणि भक्ती यांची आठवण निघणे स्वाभाविक होते आणि ती निघाली. बाईंनी ती तुलना तोडून टाकली नाही, पण भक्तीनेही ही कृपा ओढून आणता येत नाही, माणूस तेथे पूर्णपणे हतबल आहे, हा फरक त्यांनी नीट दाखवून दिला. सवंग साम्ये जोडून टाळ्या मिळवणाऱ्या व्याख्यानांच्या काळात हा संयम मला फार मोलाचा वाटला.

वर्गाचा कळस म्हणजे ॲन हचिन्सन यांच्यावरील सत्रे. इंग्लंडमधील लिंकनशायरच्या ॲल्फर्ड गावच्या या स्त्रीचे वडील फ्रान्सिस मार्बरी स्वतः धर्मोपदेशक होते आणि अल्पशिक्षित पाळकांवर टीका केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास सोसला होता. जॉन कॉटन या आवडत्या उपदेशकाच्या मागोमाग त्या १६३४ मध्ये पती व मुलांसह बोस्टनला आल्या. बाळंतपणे करण्यात त्या निष्णात होत्या, त्यामुळे बोस्टनमधल्या स्त्रियांचा त्यांच्यावर विश्वास बसला. मग प्रवचनावर चर्चा करण्यासाठी त्यांच्या घरी स्त्रिया जमू लागल्या आणि पुढे पुरुषही येऊ लागले. तरुण गव्हर्नर हेन्री व्हेन हेही त्यांच्या बाजूचे होते. कॉटन आणि हचिन्सन यांच्या नणंदेचे पती जॉन व्हीलराइट सोडले तर इतर पाळक कर्मांचाच करार शिकवतात, हे त्यांचे मत जेव्हा गावभर झाले, तेव्हा प्रश्न एका घरातल्या बैठकीचा उरला नाही. मे १६३७ च्या निवडणुकीत व्हेन हरले आणि जॉन विन्थ्रॉप पुन्हा गव्हर्नर झाले. त्याच वर्षी न्यूटाउन येथे भरलेल्या पाळकांच्या परिषदेने ८२ चुकीच्या मतांची यादी केली. थोड्या स्त्रियांनी प्रार्थनेसाठी जमण्यास तिची हरकत नव्हती, परंतु साठ किंवा त्याहून अधिक जणींनी दर आठवड्याला जमावे आणि एकीनेच सर्वांना शिकवावे, हे तिने बेशिस्तीचे ठरवले.

नोव्हेंबर १६३७ मधील खटल्याची नोंद वर्गात पात्रे वाटून मोठ्याने वाचली जाते. भायखळ्याहून येणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनींनी हचिन्सन यांची उत्तरे वाचली, आणि शास्त्रवचनांशी त्यांचा लहानपणापासूनचा परिचय असल्यामुळे प्रत्येक उत्तर कोठून आले आहे हे आम्हांला ऐकता ऐकता कळत गेले. मला येथे उत्तर देण्यासाठी बोलावले आहे, पण माझ्यावर आरोप कोणता ते मी अजून ऐकलेले नाही, असे हचिन्सन सुरुवातीलाच विचारतात. विन्थ्रॉप आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेचा आधार घेतात, कारण त्यांच्या मते राज्यकर्ते हे प्रजेचे आईबापच. घरी बैठका भरवण्याचा आधार कोणता, असे विचारल्यावर त्या तीताला लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात, ज्यात वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे सांगितले आहे. उत्तर अडचणीचे झाले की विन्थ्रॉप म्हणतात, आम्हांला स्त्रीजातीशी वाद घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या मागणी करतात की ज्या पाळकांनी आपल्याविरुद्ध सांगितले त्यांनी ते शपथेवर सांगावे; या मागणीने न्यायालयात जी चलबिचल होते ती वाचताना सभागृहातले सगळे कान टवकारून बसले होते.

पुढे जे घडते त्यावर वर्गाने पुरेसा वेळ दिला, याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. कॉटन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती आणि पुरावा डळमळीत झाला होता. तरीही हचिन्सन आपण होऊन सांगतात की देवाने आपल्या आत्म्याशी थेट संवाद साधून हे सारे दाखवले आहे. बायबलखेरीज थेट साक्षात्कार होतो असे म्हणणे प्युरिटनांच्या दृष्टीने घोर पाखंड होते, आणि त्याच शब्दांवर त्यांना दोषी ठरवण्यात आले. त्या येथे चुकल्या का, असा प्रश्न एका श्रोत्याने केला. बाईंचे उत्तर असे होते की हे विधान त्यांच्या मताचा गाभाच होते, ते गाळून सुटका करून घेतली असती तर खटला जिंकून मत गमावल्यासारखे झाले असते. मला हे उत्तर पूर्णपणे मान्य आहे. आपल्या समाजात राहण्यास अयोग्य अशी स्त्री म्हणून त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. कोणत्या कारणासाठी, हे जाणून घ्यायची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा न्यायालयाला कारण ठाऊक आहे आणि त्याचे समाधान झालेले आहे, एवढेच विन्थ्रॉप यांनी सांगितले. पाठोपाठ बोस्टन आणि आसपासच्या गावांतील ७५ पुरुषांची शस्त्रे काढून घेण्यात आली. एका स्त्रीच्या घरातील चर्चेची सरकारला किती धास्ती वाटत होती, हे त्यावरून दिसते.

या खटल्याचा सविस्तर वृत्तान्त आपल्यापर्यंत पोहोचला तो हचिन्सन यांचे खापरपणतूंच्या पिढीतले वंशज थॉमस हचिन्सन यांच्यामुळे. मॅसॅच्युसेट्सचे पुढे गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांनी १७६७ मध्ये तो छापला. विन्थ्रॉप यांच्या बाजूने लिहिलेला आधीचा वृत्तान्त आणि हा वृत्तान्त पुस्तिकेत शेजारीशेजारी छापले आहेत, आणि आरोपीची उत्तरे पहिल्यात किती आखूड झाली आहेत हे वाचकाला स्वतःच पाहता येते. संपादनाचे हे काम ज्यांनी केले त्यांचे नाव पुस्तिकेत कोठेही नाही. ते असायला हवे होते.

हिवाळाभर रॉक्सबरीत नजरकैदेत ठेवल्यानंतर मार्च १६३८ मध्ये बोस्टनच्या मंडळीने हचिन्सन यांची पुन्हा चौकशी केली. तेथे ह्यू पीटर या पाळकांनी जो आक्षेप घेतला तो वर्गात फळ्यावर लिहिला होता : तुम्ही आपली पायरी सोडली आहे, पत्नी असण्याऐवजी पती, श्रोता असण्याऐवजी उपदेशक आणि प्रजा असण्याऐवजी अधिकारी झाला आहात. ज्या कॉटन यांच्यासाठी त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या, त्यांनीही आता त्यांची साथ सोडली. मंडळीतून बहिष्कृत केल्याचे जाहीर झाल्यावर त्या बाहेर निघाल्या, तेव्हा एक तरुण स्त्री जागेवरून उठली आणि त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर चालू लागली. ती स्त्री म्हणजे मेरी डायर.

डायर यांच्याविषयीचे सत्र मला सर्वांत जड गेले. ऑक्टोबर १६३७ मध्ये त्यांना विकृत वाढीचे मृत मूल झाले होते आणि कॉटन यांच्या सल्ल्याने ते गुपचूप पुरले गेले होते. बातमी फुटल्यावर विन्थ्रॉप यांनी ते उकरून काढायला लावले आणि खोट्या मताला देवाने दिलेला दंड म्हणून त्याचे वर्णन दूरवर पोहोचवले. हचिन्सन यांचाही पुढचा गर्भ वाया गेला, तेव्हा त्याचाही असाच पुरावा करण्यात आला. बाईंनी हा भाग आवाज न चढवता, कागदावर आहे तेवढाच सांगितला. बाळंतपणाच्या खोलीत काय झाले याची अशी जाहीर चर्चा एखाद्या पुरुषाच्या मताचे खंडन करण्यासाठी झाली नसती, हे त्यांनी सांगितल्यावर बराच वेळ कोणी प्रश्न विचारला नाही.

डायर पुढे इंग्लंडला गेल्या आणि क्वेकर होऊन परतल्या. प्रत्येकाच्या अंतरी देवाचा प्रकाश असतो आणि स्त्रीलाही उपदेश करता येतो असे मानणारा हा पंथ बोस्टनला असह्य होता. जुलै १६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन या पहिल्या दोन क्वेकर स्त्रिया बार्बाडोसहून तेथे आल्या, तेव्हा त्यांची पुस्तके जाळण्यात आली, चेटकिणीच्या खुणा शोधण्यासाठी त्यांचे कपडे उतरवून तपासणी झाली आणि सुमारे पाच आठवडे कोंडून ठेवल्यावर त्यांना परत पाठवण्यात आले. १६५८ मध्ये कायदा झाला की हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर त्याला मृत्युदंड द्यावा. २७ ऑक्टोबर १६५९ रोजी विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हनसन यांना फाशी झाली. गळ्याभोवती दोर असलेल्या डायर यांना मात्र अगदी शेवटच्या क्षणी, मुलाच्या विनंतीवरून, उतरवण्यात आले. त्या पुन्हा बोस्टनला गेल्या आणि १ जून १६६० रोजी त्यांना फाशी देण्यात आली. कायदा रद्द करून घ्यायचा असेल तर त्याची अंमलबजावणी करण्याचा भार न्यायाधीशांच्या मनावर टाकला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. एका वर्षाच्या आत विल्यम लेड्रा यांनाही फाशी झाली आणि त्यानंतर १६६१ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याच्या आज्ञापत्राने हे मृत्युदंड थांबले. फटके मात्र थांबले नाहीत : १६६२ च्या हिवाळ्यात तीन क्वेकर स्त्रियांना गाडीला बांधून ११ गावांतून फटके मारत न्यावे असा हुकूम निघाला आणि तिसऱ्या गावी एका धीराच्या माणसाने तो अडवला तेव्हाच त्या सुटल्या.

यानंतर वर्गाचा तोल बिघडतो. मॅसॅच्युसेट्समधीलच सेलम येथील १६९२ मधील चेटूक-खटल्यांना एकच सत्र मिळते आणि तेही बरेचसे कारणांच्या तर्कवितर्कांत जाते : बुरशी लागलेल्या धान्याने होणारे भ्रम, शेजाऱ्यांची भांडणे, सीमेवरची युद्धे. श्रोत्यांची उत्सुकता तिकडे असते हे मान्य केले तरी, विषय धार्मिक मतभेदाचा आहे आणि सेलममध्ये तो भरपूर सापडतो. फाशी गेलेल्या १९ जणांत १४ स्त्रिया होत्या, आणि ज्यांनी कबुली दिली त्या बहुतांशी वाचल्या. खोटी कबुली देऊन जीव वाचवणे म्हणजे आत्मा गमावणे, या श्रद्धेपोटी ज्यांनी नकार दिला त्यांचा नकार हा न्यायाधीशांच्या धर्मज्ञानालाच दिलेला नकार होता. रिबेका नर्स या ७१ वर्षांच्या वृद्धेला पंचांनी प्रथम निर्दोष ठरवले होते; न्यायाधीशांनी त्यांना फेरविचार करायला लावले. नर्स यांची बहीण मेरी ईस्टी हिने फाशीपूर्वी न्यायालयाला अर्ज केला, त्यात स्वतःच्या प्राणांची याचना नाही, यापुढे निरपराध रक्त सांडू नये एवढीच विनंती आहे. हा अर्ज पुस्तिकेत छापलेला असूनही वर्गात वाचला गेला नाही, याचे मला अतिशय वाईट वाटले. बुरशीच्या चर्चेतील वेळ काढून तो वाचता आला असता.

दुसरी उणीव अशी की ज्या स्त्रिया वसाहत सोडून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, त्या वर्गात जवळजवळ येतच नाहीत. लेडी डेबोरा मूडी यांनी बालकांच्या बाप्तिस्म्याला विरोध केला, सेलमच्या मंडळीचा रोष ओढवून घेतला आणि १६४३ च्या सुमारास डच प्रदेशात जाऊन ग्रेव्हझेंड ही वस्ती उभारली; १६४५ च्या सनदेत त्यांचे नाव आहे. त्यांच्याविना हा इतिहास शिक्षा झालेल्यांचाच राहतो. हचिन्सन यांचे अखेरचे दिवसही घाईत उरकले जातात. त्या ऱ्होड आयलंडला गेल्या, पतीच्या निधनानंतर डचांच्या मुलखात राहायला गेल्या आणि १६४३ मध्ये तेथील मूळ रहिवाशांनी केलेल्या हल्ल्यात कुटुंबातील बहुतेकांसह मारल्या गेल्या. डच गव्हर्नरने त्या रहिवाशांची केलेली कत्तल हे त्या हल्ल्यामागचे कारण सांगितल्याशिवाय ही घटना सांगू नये, असे मला वाटते.

मुंबईशी असलेला धागा शेवटच्या सत्रात येतो आणि तो उत्तम गुंफला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळ्यांच्या परंपरेतील लोकांनी १८१० मध्ये परदेशी धर्मप्रसारासाठी जे मंडळ स्थापले, त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन त्यातूनच उभे राहिले आणि १८२४ मध्ये त्यांनी येथे मुलींची शाळा काढली. मुलींना वाचायला शिकवण्यामागे शास्त्र स्वतः वाचले पाहिजे ही तीच जुनी प्युरिटन धारणा होती. आणि मग पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील भगिनीसंघाशी (ख्रिस्ती जोगिणींच्या संघाशी) त्यांचा पत्रव्यवहारातून जो वाद झाला, त्यात त्यांनी कळवले की भारतीय पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली जाण्याची आपली तयारी नाही. त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था १८८७ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झाली आणि तिच्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ज्या शहराने हचिन्सन यांना घालवले त्याच शहरातून स्वतंत्र बुद्धीच्या एका मराठी स्त्रीला आधार मिळाला, ही गोष्ट बाईंनी कोणताही अभिनिवेश न आणता मांडली. सतराव्या शतकातल्याच संत बहिणाबाईंची आठवण एका श्रोत्याने काढली. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल त्यांनी घरातच मार खाल्ला, न्यायालयात नव्हे, हा भेद चर्चेत चांगला उलगडला.

नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. पुस्तिका पहिल्या सत्राच्या आधी मागून घ्यावी आणि निदान हचिन्सन यांच्या खटल्याचा भाग वाचून जावे, कारण मोठ्याने वाचन सुरू झाल्यावर कोण कोणाला काय विचारत आहे हे प्रथमच समजून घेताना धांदल उडते. ध्वनिक्षेपकाचा आवाज मागे पोहोचत नसल्यामुळे पुढच्या रांगांत जागा धरावी. पुढील वर्ग गणेशोत्सवानंतर सुरू करण्याचा आयोजकांचा विचार आहे. सेलमसाठी आणखी एक शनिवार वाढवावा आणि त्यात मेरी ईस्टी यांचा अर्ज वाचावा, ही विनंती मी त्यांना लेखी दिली आहे.